अभिहस्तांतरण

अभिहस्तांतरण : स्थावर मालमत्तेवरील मालकी अथवा अन्य हक्क एका हयात व्यक्तीकडून दुसऱ्या हयात व्यक्तीकडे लेखाद्वारे संक्रमित करण्याच्या क्रियेस अभिहस्तांतरण म्हणतात. ज्या लेखाने हे संक्रमण घडते, त्या लेखासही अभिहस्तांतरण किंवा अभिहस्तांतरणपत्र अशीच संज्ञा आहे. विक्री, दान, अदलाबदल, गहाण आणि भाडेपट्टा हे हस्तांतरणाचे मुख्य प्रकार होत. व्यवहारात मात्र ही संज्ञा प्रामुख्याने विक्रीसाठी योजिली जाते व प्रस्तुत विवेचनही विक्रीपुरतेच मर्यादित आहे. विक्रीच्या लेखास मराठीत खरेदीखत हे जुने नाव असून ते आजही रूढ आहे. असा लेख तयार करणे, तत्पूर्वी विक्रेत्याच्या मालकीहक्काची तपासणी करणे आणि पुढे लेखाची नोंदणी करवून घेणे, ही कामे करणाऱ्या विधिज्ञास मुंबईत परंपरेने सॉलिसिटर असे संबोधितात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : जमिनीचे हस्तांतरण सर्वांसमक्ष व्हावे, ही कल्पना बहुतेक सर्व समाजांत आढळते. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये विक्रेता खरेदीदाराला प्रत्यक्ष जमिनीवर नेऊन साक्षीदारांदेखत मातीचे ढेकूळ अथवा झाडाची डहाळी त्याच्या हाती देत असे. मराठेशाहीत मिराशी जमिनीच्या विक्रीपत्रात चतुःसीमा नमूद करीत, गोतातील माणसांची साक्ष घालीत आणि कुणबी आपली निशाणी म्हणून नांगर काढी. दोन्ही पद्धतींत मालकीचा खरा आधार कागद नसून गावाची स्मृती हा होता. व्यवहार वाढले, माणसे स्थलांतर करू लागली, तशी ही स्मृती अपुरी पडू लागली व तिची जागा लेखाने घेतली. इंग्लंडमध्ये १६७७ च्या कायद्याने जमिनीच्या व्यवहारांसाठी लेख आवश्यक ठरविला. भारतात दस्तऐवजांच्या नोंदणीचा पहिला अखिल भारतीय कायदा १८६४ मध्ये झाला. सध्याचा नोंदणी अधिनियम १९०८ चा असून विक्रीविषयीचे मूळ नियम १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात आहेत.

मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत इंग्लंडच्या धर्तीवर विधिज्ञांचे दोन वर्ग होते. पक्षकाराशी थेट संबंध ठेवून कागदपत्रे सिद्ध करणारे ॲटर्नी किंवा सॉलिसिटर हा एक वर्ग आणि न्यायालयात युक्तिवाद करणारे विधिज्ञ हा दुसरा. शहरातील जमिनी, चाळी, गिरण्या व बंगले यांच्या खरेदी-विक्रीचे काम पहिल्या वर्गाकडे एकवटलेले होते. मुंबईतील जुन्या सॉलिसिटर संस्थांच्या कार्यालयांतील दस्तऐवजांच्या पेट्या म्हणजे शहराच्या जमीनधारणेचा एक समांतर दप्तरखानाच होता. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमात १९७६ साली दुरुस्ती होऊन ॲटर्नी हा स्वतंत्र वैधानिक वर्ग संपुष्टात आला आणि सर्वजण अधिवक्ते ठरले. तथापि बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी ही संस्था सॉलिसिटर पदाची परीक्षा पुढेही घेत राहिली. त्यामुळे मुंबईत सॉलिसिटर ही उपाधी व्यावसायिक कौशल्याची निदर्शक आहे. खरेदीखत करण्यासाठी सॉलिसिटरच नेमला पाहिजे, असे बंधन कायद्यात नाही. राज्यात अन्यत्र हेच काम दिवाणी वकील करतात आणि नोंदणी कार्यालयाबाहेरचे दस्तलेखक साध्या व्यवहारांचे मसुदे लिहून देतात.

नोंदणीची मर्यादा : शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या मूर्त स्थावर मालमत्तेची विक्री केवळ नोंदलेल्या लेखानेच होऊ शकते, असे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ५४ सांगते. यावरून नोंदणी झाली म्हणजे मालकी निर्विवाद झाली, असा समज सर्वत्र पसरलेला आहे. तो बरोबर नाही. भारतात नोंदणी दस्ताची होते, मालकीची होत नाही. दुय्यम निबंधक मुख्यतः दस्त सादर करणाऱ्याची ओळख, निष्पादनाची कबुली, मुद्रांक शुल्क आणि मालमत्तेचे वर्णन पाहतो. दस्त लिहून देणारा खरोखर मालक आहे काय, याचा निवाडा करण्याचा अधिकार त्याला नाही. तमिळनाडूतील एका नियमाने निबंधकास विक्रेत्याच्या हक्काचे पुरावे मागण्याचा अधिकार दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो नियम २०२५ मध्ये मूळ अधिनियमाशी विसंगत म्हणून रद्द ठरविला. जो हक्क विक्रेत्याकडेच नाही, तो त्याच्या नोंदलेल्या खरेदीखतानेही खरेदीदाराला मिळत नाही.

महसुली अभिलेखांचीही स्थिती अशीच आहे. सातबारा उतारा, फेरफार नोंदवही व नगर भूमापनाची मिळकत पत्रिका यांतील नोंदी, विरुद्ध पुरावा येईपर्यंत खऱ्या मानल्या जातात, असे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये नमूद आहे. परंतु त्या नोंदी मुख्यतः महसूल वसुलीसाठी असतात. फेरफार मंजूर झाल्याने मालकी निर्माण होत नाही आणि तो नामंजूर झाल्याने ती नष्टही होत नाही, हे तत्त्व न्यायालयांनी वेळोवेळी स्पष्ट केले आहे.

याउलट काही देशांत शासन मालकीचीच नोंद ठेवते व तिची हमी घेते. १८५८ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स यांच्या पुरस्काराने ही पद्धत सुरू झाली. इंग्लंडमध्ये भूमी नोंदणी कार्यालय १८६२ मध्ये स्थापन झाले आणि १९९० च्या अखेरीस संपूर्ण इंग्लंड व वेल्समध्ये विक्रीनंतरची नोंदणी सक्तीची झाली. तेथे नोंदवहीतील चुकीमुळे नुकसान सोसावे लागलेल्या व्यक्तीस भरपाई मिळण्याची तरतूद आहे. त्यामुळे हक्क सिद्ध करण्याचे काम सोपे झाले. १९८५ च्या कायद्याने सॉलिसिटरांची मक्तेदारी संपवून परवानाधारक अभिहस्तांतरकांचा नवा व्यवसाय निर्माण करणे तेथे शक्य झाले, त्यामागे हेही एक कारण आहे. भारतात शासनाची अशी हमी नसल्याने तपासणीचा सर्व भार खरेदीदारावर पडतो आणि विधिज्ञाचे महत्त्व मसुद्यापेक्षा तपासणीतच अधिक असते.

हक्कशोध : विक्रेत्याचा मालकीहक्क कोणत्या दस्तांच्या साखळीने त्याच्यापर्यंत आला, ती साखळी अखंड आहे काय आणि तीवर कोणाचा बोजा आहे काय, याच्या तपासणीस हक्कशोध म्हणतात. महाराष्ट्रात मागील तीस वर्षांचा शोध घेण्याचा प्रघात आहे. हा कालावधी कोणत्याही एका कलमात सांगितलेला नाही. तो अनेक तरतुदींवरून रूढ झाला आहे. १९६३ च्या मुदत अधिनियमानुसार खासगी मालकास आपल्या जमिनीचा ताबा परत मिळविण्याचा दावा बारा वर्षांत, तर शासनास तीस वर्षांत करता येतो. गहाण सोडविण्याच्या दाव्याची मुदतही तीस वर्षांची आहे. शिवाय तीस वर्षांपूर्वीचा दस्त योग्य व्यक्तीच्या ताब्यातून आल्यास तो खरा असल्याचे न्यायालय गृहीत धरू शकते.

शोध प्रामुख्याने चार ठिकाणी घेतला जातो. पहिले, दुय्यम निबंधक कार्यालयातील पहिले पुस्तक व त्याच्या सूची. शुल्क भरून त्या कोणालाही पाहता येतात. दस्ताचा गोषवारा देणारी सूची क्रमांक २ ही त्यांपैकी सर्वांच्या परिचयाची. दुसरे, महसूल व भूमापन अभिलेख. केवळ चालू सातबारा न पाहता मागील सर्व फेरफार क्रमाने वाचणे त्यात अभिप्रेत असते. तिसरे, दिवाणी न्यायालये. दावा प्रलंबित असताना झालेले हस्तांतरण त्या दाव्याच्या निकालास अधीन राहते. चौथे, विक्रेत्याकडील मूळ दस्तऐवज.

मूळ दस्त पाहण्याचा आग्रह केवळ औपचारिक नसतो. हक्कलेख सावकाराकडे अगर बँकेकडे ठेवून केलेल्या गहाणास नोंदलेल्या लेखाची गरज नसते. त्यामुळे असे गहाण दीर्घकाळ नोंदणीच्या सूचींत दिसत नसे. ‘मूळ खरेदीखत हरवले’ या विधानामागे अनेकदा न फिटलेले कर्ज असते. ही उणीव भरून काढण्यासाठी २०११ मध्ये प्रतिभूती हितसंबंधांची केंद्रीय नोंदवही सुरू झाली आणि महाराष्ट्रात २०१३ पासून अशा गहाणाची सूचना तीस दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयात देणे बंधनकारक करण्यात आले. तथापि खासगी व्यक्तीकडे पूर्वी ठेवलेले दस्त या दोन्ही नोंदींतून निसटू शकतात. मूळ दस्त खरोखरच गहाळ झाले असल्यास पोलिसांकडे तक्रार, प्रतिज्ञापत्र आणि वर्तमानपत्रातील जाहीर नोटीस अशी उपाययोजना केली जाते. जाहीर नोटिशीत सामान्यतः चौदा दिवसांच्या आत हरकती मागविण्यात येतात. मुदतीत हरकत न आल्याने खऱ्या मालकाचा हक्क बुडत नाही, परंतु खरेदीदाराने सद्‌भावनेने चौकशी केल्याचा तो पुरावा ठरतो.

सदोष हक्काची कारणे : व्यवहारात वारंवार आढळणारा दोष म्हणजे वगळलेला वारस. उदा., ‘अ’ हा हिंदू शेतकरी १९८० मध्ये मृत्युपत्र न करता वारला व त्याच्या मागे विधवा, दोन पुत्र आणि एक विवाहित कन्या राहिली. तलाठ्याने केवळ दोघा पुत्रांची नावे लावली. त्यांनी ती जमीन २०१५ मध्ये विकली, तर सातबारा निर्दोष दिसूनही विधवेचा व कन्येचा हिस्सा खरेदीदाराला मिळत नाही. पित्याच्या हिश्शात कन्येला व विधवेला १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमानेच वारसा मिळाला आहे. सहदायकी मालमत्तेत कन्येला पुत्राप्रमाणे जन्मसिद्ध हक्क देणारी तरतूद महाराष्ट्राने १९९४ मध्ये काही मर्यादांसह केली आणि २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती देशभर लागू झाली. त्या वेळी पिता हयात असलाच पाहिजे असे नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. म्हणून वंशावळ मागणे व सर्व बहिणींच्या सह्या किंवा नोंदलेली हक्कसोडपत्रे पाहणे, हा हक्कशोधाचा अविभाज्य भाग बनला आहे.

दुसरे कारण हस्तांतरणावरील वैधानिक निर्बंध हे होय. भोगवटादार वर्ग दोनच्या जमिनी आणि आदिवासींच्या जमिनी यांच्या विक्रीस सामान्यतः सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. शेतकरी नसलेल्या व्यक्तीने शेतजमीन खरेदी करण्यावर १९४८ च्या कुळवहिवाट अधिनियमाने निर्बंध घातले आहेत, तर १९४७ च्या अधिनियमाने जमिनीचे तुकडे पाडण्यास मनाई केली आहे. अज्ञानाची मालमत्ता नैसर्गिक पालकासही न्यायालयाच्या अनुज्ञेशिवाय विकता येत नाही. सार्वजनिक न्यासाच्या मालमत्तेस धर्मादाय आयुक्तांची मंजुरी आवश्यक असते.

तिसरे कारण म्हणजे मुखत्यारपत्रावर झालेली ‘विक्री’. मुद्रांक शुल्क वाचविण्यासाठी वा निर्बंध टाळण्यासाठी साठेखत, कुलमुखत्यारपत्र व मृत्युपत्र असे तीन कागद करून पूर्ण रक्कम घेण्याची प्रथा अनेक शहरांत होती. अशा कागदांनी मालकी संक्रमित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले. खऱ्या मुखत्यारपत्राधारे नोंदलेले खरेदीखत मात्र वैध असते. अशा वेळी मुखत्यारपत्र लिहून देणारी व्यक्ती खरेदीखताच्या दिवशी हयात होती व तिने ते रद्द केले नव्हते, एवढे पाहावे लागते.

खरेदीदाराचे प्रश्न व विक्रेत्याचे कर्तव्य : दस्तऐवज वाचून झाल्यावर खरेदीदाराचा विधिज्ञ विक्रेत्याला लेखी प्रश्नावली पाठवितो. मालमत्ता वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित, वारस किती, कर्ज अथवा जामीन आहे काय, कोणास साठेखत करून दिले आहे काय, प्रत्यक्ष ताबा कोणाचा, रस्त्याचा हक्क कोठून, संपादन अगर आरक्षणाची सूचना आली आहे काय, कर व सेवाशुल्क कोणत्या तारखेपर्यंत भरले आहे, अशा स्वरूपाचे हे प्रश्न असतात. त्यांना कायद्याचे अधिष्ठान आहे. मालमत्तेविषयी व हक्काविषयी विचारलेल्या सर्व संबद्ध प्रश्नांची उत्तरे आपल्या माहितीप्रमाणे देणे, हे कलम ५५ ने विक्रेत्याचे कर्तव्य ठरविले आहे. खरेदीदारास सामान्य दक्षतेने कळून येणार नाहीत असे मालमत्तेतील वा हक्कातील महत्त्वाचे दोष आपण होऊन उघड करणेही त्याच्यावर बंधनकारक आहे. ते जाणूनबुजून न सांगणे कायद्याने कपटपूर्ण मानले आहे. म्हणून प्रश्न तोंडी न विचारता लेखी विचारणे आणि उत्तरावर सही घेणे हितावह असते.

जागेवर जाऊन पाहणी करणे हाही चौकशीचा भाग आहे. प्रत्यक्ष ताब्यात असलेल्या इसमाच्या हक्काची जाणीव खरेदीदारास होती, असे कायदा गृहीत धरतो. कागदावर मोकळ्या दिसणाऱ्या खोलीत भाडेकरू राहत असेल, तर ‘मला ठाऊक नव्हते’ हा बचाव चालत नाही.

व्यवहाराचे टप्पे : बोलणी ठरल्यावर खरेदीदार विसार देतो व साठेखत केले जाते. साठेखत म्हणजे ठराविक अटींवर भविष्यात विक्री करण्याचा करार होय. त्याने मालमत्तेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही, केवळ करारपूर्ती मागण्याचा अधिकार मिळतो. विक्रेता करार मोडू लागल्यास खरेदीदार विशिष्ट पूर्ततेचा दावा करू शकतो. त्याची मुदत, करारात ठरलेल्या तारखेपासून, किंवा तारीख ठरलेली नसल्यास पूर्ततेस नकार मिळाल्याचे कळल्यापासून, तीन वर्षे आहे. हक्क स्पष्ट व विक्रीयोग्य आढळला नाही तर विसार परत मिळेल, ही अट साठेखतात स्पष्ट लिहिणे इष्ट असते. ती नसल्यास विसाराच्या परताव्यावरूनच तंटा उभा राहतो.

खरेदीखताचा मसुदा सामान्यतः खरेदीदाराचा विधिज्ञ करतो. त्यात पक्षकारांची नावे, मालकीची पूर्वपीठिका, मोबदला, मालमत्तेचे चतुःसीमांसह वर्णन, निर्वेध हक्काची हमी आणि दोष निघाल्यास भरपाईचे अभिवचन हे भाग असतात. मुद्रांक शुल्क, वेगळा करार नसल्यास, खरेदीदाराने भरावयाचे असते. दस्तातील मोबदला व शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यानुसार येणारे बाजारमूल्य यांपैकी जी रक्कम अधिक असेल, तीवर ते आकारले जाते. पुरेसे शुल्क न भरलेला दस्त, तूट व दंड भरल्याखेरीज, पुराव्यात ग्राह्य धरला जात नाही. मोबदला पन्नास लाख रुपये किंवा अधिक असल्यास त्यातून एक टक्का प्राप्तिकर कापून शासनाकडे भरण्याची जबाबदारी २०१३ पासून निवासी विक्रेत्याच्या बाबतीत खरेदीदारावर आहे. विक्रेता अनिवासी असल्यास दर व पद्धती भिन्न असतात.

निष्पादनानंतर चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीसाठी सादर करावा लागतो. विलंब अपरिहार्य कारणाने झाला असल्यास दंड भरून आणखी चार महिन्यांपर्यंत सवलत मिळू शकते. नोंदणी झालेला दस्त नोंदणीच्या दिवसापासून नव्हे, तर निष्पादनाच्या दिवसापासून परिणामकारक होतो. मोबदल्याचा काही भाग देणे राहिला, तरी नोंदलेल्या खरेदीखताने मालकी संक्रमित होऊ शकते व विक्रेत्याकडे त्या मालमत्तेवर उर्वरित रकमेपुरता केवळ बोजा राहतो. या कारणास्तव विक्रेत्याचा विधिज्ञ रक्कम हाती आल्याशिवाय सही होऊ देत नाही. नोंदणीनंतर फेरफार किंवा मिळकत पत्रिकेवर नाव लावून घेणे, मूळ दस्त ताब्यात घेणे आणि करांची नोंद बदलणे हे अखेरचे टप्पे होत.

विधिज्ञाची जबाबदारी : हक्कशोधाच्या अखेरीस विधिज्ञ हक्कप्रमाणपत्र देतो. ते विमापत्र नसते. ते आपण पाहिलेल्या कागदांवर आधारलेले मत असते आणि त्यात कोणत्या कार्यालयांतील किती वर्षांचे अभिलेख पाहिले, कोणते उपलब्ध झाले नाहीत, हे नमूद केलेले असते. वाचकाने निष्कर्षापेक्षा या मर्यादा प्रथम वाचाव्यात. ‘उपलब्ध कागदपत्रांच्या अधीन राहून’ या शब्दांमागे पंधरा वर्षांच्या फाटलेल्या सूची दडलेल्या असू शकतात.

एकच विधिज्ञ दोन्ही पक्षांचे काम पाहतो, तेव्हा खर्च वाचतो. परंतु खरेदीदाराचे हित दोष शोधण्यात व विक्रेत्याचे हित व्यवहार लवकर पुरा होण्यात असते, हा विरोध त्यामुळे मिटत नाही. विकासकाने दिलेले हक्कप्रमाणपत्र किंवा कर्ज देणाऱ्या बँकेच्या वकिलाचा अभिप्राय यांवर विसंबणेही याच कारणासाठी सदोष आहे. बँकेचा वकील बँकेच्या तारणापुरता विचार करतो आणि त्याचे उत्तरदायित्व बँकेप्रती असते. निष्काळजीपणाने नुकसान झाल्यास पक्षकार दिवाणी न्यायालयात भरपाई मागू शकतो व व्यावसायिक गैरवर्तन असल्यास वकील परिषदेकडे तक्रार करू शकतो. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला आहे. शुल्काचा निश्चित दर कायद्याने ठरविलेला नाही. त्यामुळे शोध, प्रश्नावली, मसुदा, नोंदणी व फेरफार यांपैकी कोणती कामे शुल्कात अंतर्भूत आहेत, हे प्रारंभीच लेखी ठरविणे उभयपक्षी सोयीचे होते.

सदनिका व मानीव अभिहस्तांतरण : सदनिका विकत घेणाऱ्यास सदनिकेचा करार मिळतो, परंतु इमारतीखालील जमिनीचे अभिहस्तांतरण हा स्वतंत्र टप्पा असतो. १९६३ च्या, ‘मोफा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या महाराष्ट्र अधिनियमानुसार विकासकाने जमीन व इमारत यांचा हक्क सदनिकाधारकांच्या सहकारी संस्थेच्या नावे करून देणे बंधनकारक आहे. करारात मुदत नसल्यास संस्थेच्या नोंदणीपासून चार महिन्यांत हे व्हावे, असा नियम आहे. असंख्य विकासकांनी तो पाळला नाही. परिणामी रहिवाशांनी दशकानुदशके कर भरले, इमारतीची दुरुस्ती केली, तरी जमीन मूळ मालकाच्या किंवा विकासकाच्याच नावे राहिली. इमारत जीर्ण होऊन पुनर्विकासाची वेळ आली, म्हणजे या उणिवेची तीव्रता कळून येते. वाढीव चटईक्षेत्राचा लाभ कोणाचा, हा प्रश्न उद्‌भवतो व विकासकाच्या वारसांशी वाटाघाटी कराव्या लागतात.

यावर उपाय म्हणून २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करण्यात आली. विकासक टाळाटाळ करीत असल्यास संस्थेने सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करावा, त्याने सुनावणी घेऊन सहा महिन्यांच्या आत प्रमाणपत्र द्यावे आणि त्या आधारे विकासकाच्या सहीविना अभिहस्तांतरणपत्राची नोंदणी व्हावी, अशी ही योजना आहे. अर्जासोबत सदनिकांचे नोंदलेले करार, मंजूर नकाशे, मिळकत पत्रिका व सभासदांची यादी जोडावी लागते. प्राधिकारी मालकीच्या वादाचा अंतिम निर्णय देत नाही. तो वाद दिवाणी न्यायालयात चालू शकतो. त्यामुळे जुन्या इमारतीतील सदनिका घेणाऱ्याने विक्रेत्याकडील करारांची साखळी, भागपत्र आणि संस्थेचे ना-हरकत पत्र पाहण्याबरोबरच संस्थेच्या नावे जमीन झाली आहे काय, हे विचारणे अगत्याचे ठरते.

२०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने नव्या प्रकल्पांतील ग्राहकाला अधिक संरक्षण दिले आहे. किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम नोंदलेल्या कराराशिवाय स्वीकारण्यास त्याने मनाई केली आहे. जमिनीच्या हक्कातील दोषामुळे नुकसान झाल्यास विकासकाने भरपाई द्यावी आणि तिच्या मागणीस मुदतीची आडकाठी नसावी, अशीही तरतूद त्यात आहे.

गोवा व परदेशस्थ विक्रेते : गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या पद्धतीनुसार पती-पत्नींची मालमत्ता, विवाहपूर्व वेगळा करार नसल्यास, सामायिक मानली जाते. दस्त एकाच्याच नावे असला तरी विक्रीस दोघांची संमती व सही लागते. महाराष्ट्रातील खरेदीदार ही गोष्ट पुष्कळदा विसरतात. परदेशात स्थायिक झालेले वारस सामान्यतः मुखत्यारपत्राद्वारे व्यवहार करतात. ते तेथील भारतीय वकिलातीत अगर लेखप्रमाणकासमोर निष्पादित करतात आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर योग्य मुद्रांक शुल्क भरावे लागते. मजकुरात विक्री करणे, मोबदला स्वीकारणे व नोंदणीसमयी कबुली देणे हे तिन्ही अधिकार स्पष्टपणे दिलेले असावेत. अधिकार संदिग्ध असल्यास न्यायालये त्याचा संकुचित अर्थ लावतात.

सुधारणेचे प्रयत्न : शासनाने मालकीचीच हमी घ्यावी, हा विचार भारतातही मूळ धरू लागला आहे. केंद्राच्या भू-अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमाने २००८ पासून हे दूरचे उद्दिष्ट पुढे ठेवले. राजस्थानने २०१६ मध्ये नागरी जमिनींच्या हक्कप्रमाणनाचा कायदा केला व नीती आयोगाने २०२० मध्ये राज्यांसाठी आदर्श कायद्याचा मसुदा प्रसिद्ध केला. आंध्र प्रदेशाने २०२२ चा भूमी हक्क कायदा अंमलात आणला, परंतु लोकांच्या मनात जमिनी गमावण्याची भीती निर्माण होऊन तो २०२४ मध्ये निरसित झाला. हमी देण्यापूर्वी शासनाला प्रत्येक जमिनीचा वाद, मोजणी आणि वारस यांचा निवाडा करावा लागतो. आजवर खरेदीदार स्वखर्चाने तुकड्यातुकड्यांनी करीत आलेला हा हक्कशोध शासनाला एकदाच व संपूर्ण करावा लागेल. तो पुरा होईपर्यंत नोंदणीची पावती मालकीचा आरंभ दर्शविते, तिची खात्री देत नाही. ती खात्री दस्तांची साखळी वाचून, प्रश्न विचारून आणि जागा पाहूनच करून घ्यावी लागते.